बोलविता धनी वेगळाच: परदेशातल्या छुप्या प्रभाव-मोहिमा कशा चालतात

मुंबईत पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या निमित्ताने मला तीन प्रश्न विचारले आहेत. एखाद्या देशाची गुप्तचर संस्था दुसऱ्या देशातील लोकमत गुपचूप वळवते म्हणजे प्रत्यक्षात काय करते? तिला साथ देणारे स्थानिक पत्रकार, लेखक आणि संस्था विकल्या गेलेल्या असतात का? आणि एवढा खटाटोप करून शेवटी साधते काय? मी फोर्टमधल्या एका मराठी दैनिकाच्या परराष्ट्र बातम्यांच्या टेबलावर वीसहून अधिक वर्षे काम केले आणि त्यानंतरची दहा-बारा वर्षे तरुण सहकाऱ्यांना बातमीची पडताळणी शिकवण्यात घालवली. गुप्तचर खात्यात मी कधीच नव्हतो. या मोहिमा ज्या दारातून आत येतात, त्या दारावर मात्र मी बसलेलो होतो आणि उत्तर त्याच जागेवरून देत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. छुपी मोहीम म्हणजे खोट्या बातम्यांचा कारखाना, अशी समजूत सर्वत्र दिसते. खोटेपणा त्यात असतो, पण तो अनिवार्य नाही. अनिवार्य असते ते मजकुरामागचा हात लपवणे. माझ्या पिढीतील वाचकांनी मॉस्कोत मराठीत छापलेली रशियन गोष्टींची स्वस्त, देखणी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून घेतलेली आहेत. त्याच काळात अमेरिकी माहिती खात्याचे ‘स्पॅन’ मासिकही अनेक घरांत येत असे. दोन्हींत आपापल्या देशाचा प्रचार होता, परंतु प्रकाशकाचे नाव पहिल्या पानावर छापलेले असल्यामुळे कोणाचे ऐकतो आहोत हे वाचकाला ठाऊक होते. याउलट पूर्व युरोपातील साम्यवादी देशांसाठी १९५० मध्ये सुरू झालेले रेडिओ फ्री युरोप हे केंद्र अमेरिकी नागरिकांच्या देणग्यांवर चालते असे सांगितले जाई आणि त्याचा मोठा खर्च अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए उचलत असे. १९७१ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये ही बाब उघडपणे मांडली गेल्यावरच तो पैसा बंद झाला. त्या केंद्रावरच्या पुष्कळशा बातम्या खऱ्या होत्या. तरीही ती छुपी मोहीम होती, कारण श्रोत्याला बोलविता धनी कोण हे कळू दिले जात नव्हते.

हे तत्त्व अमेरिकेने जून १९४८ मध्ये लेखी स्वरूपात मांडले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या १०/२ क्रमांकाच्या निर्देशात असे म्हटले होते की, या कारवाया अशा आखाव्यात की त्यांच्यामागे सरकार आहे हे बाहेरच्या कोणाला दिसू नये आणि उघडकीस आल्या तर सरकारला इतरांना पटेल अशा रीतीने हात वर करता यावेत. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने त्याच वर्षी माहिती संशोधन विभाग स्थापन केला आणि तो १९७७ पर्यंत चालवला. साम्यवादी देशांतील परिस्थितीवर तो काळजीपूर्वक टिपणे तयार करून निवडक पत्रकारांना आणि प्राध्यापकांना देत असे, आणि अट एवढीच असे की मूळ कोठून आले ते छापायचे नाही. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेत या कामाला ‘सक्रिय उपाय’ असे नाव होते. परदेशी हेरगिरी पाहणाऱ्या तिच्या पहिल्या मुख्य संचालनालयात ‘सेवा अ’ नावाचा विभाग मजकूर आणि बनावट कागद तयार करी, आणि तो पोचवण्याचे काम त्या त्या राजधानीतील वकिलातीच्या आडून वावरणारे अधिकारी करीत.

या सर्व संस्थांची कामाची रीत आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. प्रथम लक्ष्य असलेल्या समाजातील दुखरी जागा शोधली जाते. नवीन जखम करणे अवघड आणि खर्चिक असते, असलेली जखम चिघळवणे सोपे असते. मग त्या जागेविषयी मनापासून बोलणारा स्थानिक माणूस, नियतकालिक किंवा संघटना हेरली जाते. संस्था आणि तो आवाज यांच्या मध्ये एक-दोन मध्यस्थ उभे केले जातात. कधी तो न्यास असतो, कधी जाहिरात कंपनी, कधी एखादा मनमिळाऊ सांस्कृतिक सचिव. मजकूर पहिल्यांदा प्रसिद्ध होतो तो सहसा आडबाजूच्या ठिकाणी, जेथे प्रश्न विचारणारे कमी असतात. तेथून दुसरा उचलतो, दुसऱ्याचा हवाला देऊन तिसरा छापतो, आणि तिसऱ्या पायरीपर्यंत मूळ जागा कोणाच्या लक्षातही राहत नाही. प्रत्येक पायरीवर मजकुराला थोडी उसनी प्रतिष्ठा मिळत जाते. ही साखळी नीट समजून घ्यायची तर एका भारतीय वृत्तपत्रातील पत्राची हकीकत तपशिलाने पाहावी लागते.

जुलै १९८३ मध्ये दिल्लीहून निघणाऱ्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. हे दैनिक डाव्या विचारांचे आणि सोव्हिएत संघाविषयी आपुलकी बाळगणारे होते. पत्रलेखक स्वतःला नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ म्हणवत होता. एड्स हा नवा रोग अमेरिकी लष्कराच्या फोर्ट डेट्रिक येथील प्रयोगांतून निर्माण झाला असून पुढचे प्रयोग पाकिस्तानात होणार आहेत व त्यामुळे भारताला धोका आहे, असा त्या पत्राचा आशय होता. भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये तमिळनाडूत उघडकीस आली, म्हणजे हे पत्र आले तेव्हा सामान्य भारतीय वाचकाला या रोगाची धड ओळखही नव्हती.

या पत्राची बांधणी पाहण्यासारखी आहे. फोर्ट डेट्रिक हे काल्पनिक ठिकाण नव्हते. १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आक्रमक जैविक शस्त्रांचा कार्यक्रम बंद करेपर्यंत तेथे खरोखरच तसे संशोधन होत होते. अमेरिकी आरोग्य यंत्रणेने टस्कगी येथे १९३२ पासून चार दशके कृष्णवर्णीय रुग्णांच्या सिफिलिसवर जाणूनबुजून उपचार केले नाहीत, हे १९७२ मध्ये जगासमोर आले होते. भारताची स्वतःची दुखरी जागाही ताजी होती. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प अमेरिकी पैशावर चालत होता, त्यामागे जैविक युद्धाची तयारी तर नाही ना, असा संशय १९७४ पासून वृत्तपत्रांतून आणि पुढे संसदेच्या लोकलेखा समितीतूनही व्यक्त झाला, आणि १९७५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. इतक्या खऱ्या गोष्टींच्या शेजारी नेऊन ठेवलेली एक खोटी गोष्ट वाचकाला वेगळी काढता येत नाही. मी स्वतः त्या काळात वाचक असतो तर मला काढता आली असती, असे मी म्हणणार नाही.

पत्र छापून आले आणि दोन वर्षे जवळजवळ काहीच घडले नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने हाच आरोप पुन्हा मांडला आणि आधार म्हणून भारतीय दैनिकाचा हवाला दिला. सोव्हिएत बाजूने पेरलेली गोष्ट भारतात जन्मली असे दाखवून परत मॉस्कोत आणण्यात आली. त्याच्या आदल्याच महिन्यात केजीबीने बल्गेरियाच्या गुप्तचर खात्याला पाठवलेली तार पुढे अभिलेखागारातून बाहेर आली आहे. या रोगामागे अमेरिकेचे गुप्त प्रयोग आहेत असे मत जगभर तयार करणे हा आपला हेतू आहे, असे तीत स्पष्ट लिहिलेले आहे. मग पूर्व बर्लिनमधील याकोब झेगाल या निवृत्त जीवभौतिकशास्त्रज्ञाने या दाव्याला शास्त्रीय परिभाषेचा पोशाख चढवला आणि १९८६ मध्ये हरारे येथील अलिप्ततावादी राष्ट्रांच्या परिषदेत त्याच्या प्रबंधाच्या प्रती फिरल्या. झेगाल यांची त्या सिद्धांतावर मनापासून श्रद्धा होती असेच दिसते. त्याच वर्षी लंडनच्या एका खपाऊ रविवार-पत्राने, ज्याचा साम्यवादाशी काडीचा संबंध नव्हता, ही कथा पहिल्या पानावर छापली. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी या प्रकरणातील आपल्या पूर्वसुरींचा हात मान्य केला. कबुली आली, पण अफवा मागे घेता आली नाही. एड्सच्या साथीत होरपळणाऱ्या अनेक समाजांत ती औषधोपचारांविषयीच्या अविश्वासात मुरून राहिली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण या हकिकतीतूनच तो उभा राहतो. त्या पत्राला जागा देणारा उपसंपादक विकला गेलेला होता का? मला ते माहीत असण्याचा संबंध नाही आणि तसे गृहीत धरण्याची गरजही वाटत नाही. ज्याच्या मनात अमेरिकेविषयी आधीच राग होता, त्याला ते पत्र आपल्याच मनातले वाटले असणार. गुप्तचर संस्थांना पैसे घेऊन बोलणाऱ्या माणसापेक्षा मनापासून बोलणारा माणूस जास्त उपयोगी पडतो, कारण त्याच्या आवाजात खोट नसते आणि त्याला गप्प करायला कोणी आले तर तो स्वतःहून लढतो.

याचे मुंबईशी जोडलेले उदाहरण अमेरिकी बाजूचे आहे आणि मला ते अधिक अस्वस्थ करते. १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषद स्थापन झाली. साम्यवादाविरुद्ध लेखक, विचारवंत आणि कलावंतांना एकत्र आणणे हा तिचा जाहीर उद्देश होता. तिची भारतीय परिषद दिल्लीत भरवायचा बेत होता, पण नेहरूंच्या सरकारला ते रुचले नाही आणि मार्च १९५१ मध्ये ती मुंबईत भरली. मिनू मसानी यांच्यासारखे येथील नेते तीत पुढे होते, तर बाहेरून डब्ल्यू. एच. ऑडेन आणि स्टीफन स्पेंडर हे कवी आले होते. या परिषदेच्या भारतीय शाखेने १९५५ मध्ये मुंबईतून ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले आणि त्याचे पहिले संपादक होते कवी निसीम इझिकेल. मूळ संघटनेचा पैसा फारफील्ड फाउंडेशनसारख्या न्यासांमार्फत सीआयएकडून येत होता, ही गोष्ट १९६६ आणि १९६७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून जगजाहीर झाली. याच संघटनेच्या, लंडनहून निघणाऱ्या ‘एन्काउंटर’ मासिकाचे संपादकपद स्पेंडर यांनी तेव्हा सोडले.

‘क्वेस्ट’मध्ये लिहिणाऱ्या मंडळींनी वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून लिहिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातले बहुतेक जण जे मानत होते तेच लिहीत होते, आणि पैशाचा उगम त्यांना माहीत नव्हता. आणि नेमकी हीच या मोहिमेची खुबी होती. संस्थेने एक ओळही लिहिली नाही. कोणाला टेबल मिळावे, कोणाच्या प्रवासाचा खर्च निघावा, कोणाचे मासिक पुढच्या महिन्यातही निघावे एवढेच तिने दुरून ठरवले. ज्या लेखकांनी विचारस्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्याच स्वातंत्र्यावर त्यांना न विचारता कर्ज काढले गेले आणि ते उघड झाल्यावर फेडण्याची नामुष्की त्यांच्या वाट्याला आली. मला या प्रकारात सर्वांत मोठा अन्याय हा वाटतो.

अर्थात पैसे घेणारेही होते. केजीबीचा अभिलेखपाल वासिली मित्रोखिन १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये गेला. त्याने उतरवून नेलेल्या नोंदींतील भारताविषयीचा भाग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ पर्यंत भारतातील दहा वृत्तपत्रे आणि एक वृत्तसंस्था केजीबीच्या पगारपत्रकावर होती आणि १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत ३,७८९ लेख पेरले गेले, असे त्या नोंदी सांगतात. हे आकडे आपल्याकडे वारंवार उद्धृत होतात, म्हणून त्यांच्याविषयी एक सावधगिरी सांगतो. हे केजीबीने केजीबीसाठी लिहिलेले आकडे आहेत. दिल्लीतील अधिकाऱ्याला मॉस्कोतील वरिष्ठांना आपले काम दाखवायचे होते. सोव्हिएत वृत्तसंस्थेचा लेख एखाद्या संपादकाने पान भरण्यासाठी छापला, तर तोही ‘पेरलेला’ म्हणून मोजला गेला नसेल याची खात्री कोण देणार?

पान भरण्याची ही गोष्ट मी अनुभवाने बोलतो आहे. मी टेबलावर नवा होतो तेव्हा युरोपातील एका पत्त्यावरून आमच्याकडे तयार लेख येत असत. कागद उत्तम, मजकूर नीटनेटका, सोबत छायाचित्र, आणि मानधन नको, फक्त छापल्यावर कात्रण पाठवा, एवढीच विनंती. रविवारच्या पुरवणीत ऐन वेळी जागा मोकळी राहिली असताना मी त्यातले दोन लेख अनुवाद करून वापरले. ती लेखसेवा कोणाची, तिचे संपादक कोण, तिचे लेख आणखी कोठे छापून येतात, यातले काहीही मी विचारले नाही. लेखांतील तथ्ये चुकीची नव्हती. कात्रणे कोणाच्या फायलीत गेली असतील हा प्रश्न मला अनेक वर्षांनी पडला आणि त्याचे उत्तर मिळण्याची आता शक्यता नाही. त्यामुळे आपण ‘विकले गेलेले’ हा शब्द प्रबंधात वापरताना फार जपून वापरावा, अशी माझी विनंती आहे. पैसा, श्रद्धा, घाई, आळस आणि फुकट मिळालेल्या गोष्टीविषयीची कृतज्ञता यांची सरमिसळ झालेली असते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. नारायणराव पेशव्यांच्या हत्येशी जोडली जाणारी ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. संपूर्ण बनावट पत्रापेक्षा खऱ्या पत्रातील एक अक्षर बदलणे अधिक घातक ठरते, हे त्या कथेचे मर्म गुप्तचर संस्था आजही वापरतात. रशियाविषयी लिहिणाऱ्या एका अमेरिकी पत्रकाराचा ईमेल फोडून, त्यातील खऱ्या कागदात बदल करून तो प्रसिद्ध करण्यात आला, हे टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये मूळ प्रतीशी ताडून दाखवले. याच्या उलट प्रकारही आहे. १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या गुप्तचरांनी बोहेमियातील एका सरोवरात पेट्या बुडवून ठेवल्या आणि त्या चित्रीकरण पथकाच्या साक्षीने ‘सापडल्या’. पुढे त्यांतले म्हणून जाहीर केलेले नाझी काळातील कागद अस्सल होते, मॉस्कोहून मागवलेले होते. खोटे होते ते फक्त सापडणे.

इंटरनेट आल्यावर तत्त्व बदलले नाही, मध्यस्थ मात्र स्वस्त झाले. २१ मे २०१६ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव एकमेकांविरुद्ध घोषणा देत उभे राहिले. एका जमावाला ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाने बोलावले होते, दुसऱ्याला ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने. आणि दोन्ही पाने रशियातील सेंट पीटर्सबर्गमधील इंटरनेट रिसर्च एजन्सीतून चालवली जात होती. पुढच्या वर्षी सिनेटच्या गुप्तचर समितीत सांगण्यात आले की या दोन्ही पानांच्या जाहिरातींवर मिळून सुमारे २०० डॉलर खर्च झाला होता. रस्त्यावर आलेली माणसे खरी होती, त्यांची भीती आणि श्रद्धा खरी होती. बोलावणारा तेवढा खोटा होता.

ही एजन्सी नावाला खासगी कंपनी होती, आणि अलीकडच्या मोहिमांचे ते ठळक लक्षण आहे. सरकारे हे काम कंत्राटावर देऊ लागली आहेत, कारण मध्ये कंपनी असली की हात वर करणे आणखी सोपे जाते. मुक्त पत्रकारिता करणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींसाठी २०२० मधील ‘पीस डेटा’चे प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. युद्धविरोधी, डाव्या विचारांचे भासणाऱ्या या संकेतस्थळाने खऱ्या मुक्त पत्रकारांना मानधन देऊन लिहून घेतले. पण त्याचे संपादक अस्तित्वातच नव्हते आणि त्यांची छायाचित्रे संगणकाने तयार केलेली होती. फेसबुकने सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा संबंध त्याच रशियन एजन्सीशी जोडला. माझ्या एका कार्यशाळेत डोंबिवलीहून आलेल्या तरुण पत्रकाराला अशाच एका अनोळखी संकेतस्थळाने डॉलरमध्ये मानधन देऊ केले होते. संपादकाशी व्हिडिओवर दोन मिनिटे बोलण्याची त्याने विनंती केली आणि तो पत्रव्यवहार तेथेच थांबला. त्यामागे कोण होते हे कळले नाही, पण त्याची विनंती अगदी योग्य होती.

या विषयावर लिहिताना आपल्याकडे रशिया आणि चीन यांची नावे घेऊन थांबण्याची सवय आहे. रॉयटर्सने जून २०२४ मध्ये उघड केले की, अमेरिकी लष्कराने २०२० पासून २०२१ च्या मध्यापर्यंत किमान ३०० बनावट खात्यांमार्फत फिलिपीन्समधील लोकांच्या मनात चिनी सायनोव्हॅक लसीविषयी संशय पेरला. लस मिळणेच दुरापास्त असताना, हाती येऊ शकणारी लस नाकारावी म्हणून एका मित्रराष्ट्रातील सामान्य माणसांना घाबरवले गेले. टाळेबंदीत मुंबईत ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांना याची गंभीरता वेगळी समजावून सांगायला नको. एड्सच्या अफवेविरुद्ध ज्या सरकारने जगभर रास्त तक्रार केली होती, त्याच सरकारच्या सैन्याने साथीच्या काळात हे करावे, याचे मला मनापासून दुःख होते.

भारताचे स्थानही दुहेरी आहे. एप्रिल २०१९ मध्ये फेसबुकने १०३ पाने, गट आणि खाती काढून टाकली आणि त्यांचा संबंध पाकिस्तानी लष्कराच्या जनसंपर्क विभागातील कर्मचाऱ्यांशी जोडला. २०२४ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने चीनमधून चालणारे एक लहान जाळे बंद केले, ज्यात खोटी खाती शीख म्हणून वावरत होती. दुसरीकडे डिसेंबर २०२० मध्ये ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅबने पंधरा वर्षे चाललेले एक जाळे उजेडात आणले, ज्यात ७५० हून अधिक बनावट माध्यमे होती, बंद पडलेल्या स्वयंसेवी संस्था पुन्हा जिवंत केल्या होत्या आणि एका मृत प्राध्यापकाचे नावही वापरले होते. हे जाळे भारताच्या बाजूने आणि पाकिस्तानच्या विरोधात काम करीत होते आणि अहवालाने ते दिल्लीतील एका उद्योगसमूहाशी जोडले. गुप्तचर संस्थेचा हात त्यात सिद्ध झालेला नाही आणि भारत सरकारने असे काही आपण करत असल्याचे स्पष्ट नाकारले आहे. प्रबंधात या दोन्ही गोष्टी आपण नोंदवाव्यात. परक्याच्या मोहिमेला जी कसोटी लावतो, तीच या प्रकरणालाही लावली पाहिजे.

तिसरा प्रश्न परिणामाचा. येथे माझे मत प्रचलित समजुतीपेक्षा वेगळे आहे. बहुतेक मोहिमा वाया जातात. ‘सेकंडरी इन्फेक्शन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या रशियन मोहिमेने सहा वर्षांत तीनशेहून अधिक मंचांवर २,५०० च्या वर लेख टाकले आणि त्यातले जवळजवळ सगळे कोणी वाचलेच नाहीत. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतील रशियन ट्विटर खात्यांवरचा एक मोठा अभ्यास ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या खात्यांचा मजकूर जितक्या वेळा दिसला, त्यातील सत्तर टक्के वेळा तो केवळ एक टक्का लोकांना दिसला होता आणि ते लोक आधीपासूनच ठाम मताचे होते; मत बदलल्याचा किंवा मतदान बदलल्याचा अर्थपूर्ण संबंध संशोधकांना आढळला नाही.

मग काही मोहिमा का लागू पडतात? माझ्या वाचनात आलेल्या प्रकरणांत प्रत्येक वेळी एक क्षण असा येतो, जेथे मजकूर खोट्या खात्यांच्या वर्तुळातून बाहेर पडून एखाद्या खऱ्या, विश्वासू आवाजाच्या तोंडी जातो. एड्सच्या कथेत ते काम लंडनच्या रविवार-पत्राने केले. २०१६ मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तचरांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरले, पण ते घराघरांत पोचवले ते अमेरिकेच्या प्रतिष्ठित माध्यमांनी, कारण मजकूर खरा होता आणि स्पर्धा तीव्र होती. म्हणून परिणाम मोजताना खात्यांची संख्या आणि पसंतीचे आकडे बाजूला ठेवावेत आणि ही उडी कोठे पडली, कोणी पाडू दिली, हे शोधावे. त्याचबरोबर, प्रत्येक गैरसोयीच्या मतामागे परकीय हात पाहण्याची सवय समाजाला लागली तर मोहीम चालवणाऱ्याचे अर्धे काम आपोआप होते. आपल्याकडे सत्तरच्या दशकात ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग विरोधकांवर किती सहज फेकला जाई, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. ज्या मताचे मूळ येथल्या मातीतल्या अनुभवात आहे, ते मत परक्याने वापरले म्हणून परके होत नाही.

आपल्या प्रबंधासाठी एक सूचना करतो. संपूर्ण जगाचा आढावा घेण्याऐवजी एकाच बातमीचा माग काढावा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुलै १९८३ ते १९८७ अखेर या काळातील दोन-तीन मराठी दैनिकांचे अंक चाळावेत आणि एड्सवरची प्रत्येक बातमी उतरवून घ्यावी. बातमी कोणाच्या हवाल्याने दिली आहे, तो हवाला आणखी कोणाच्या हवाल्यावर उभा आहे, फोर्ट डेट्रिकचा उल्लेख प्रथम कोणत्या तारखेला येतो, खुलासा आला तेव्हा तो कोणत्या पानावर किती ओळींत छापला गेला, या चार रकान्यांची वही करावी. निनावी पत्र, परदेशी साप्ताहिक आणि नामवंत शास्त्रज्ञ हे शब्द जेथे जेथे दिसतील तेथे लाल खूण करावी. ‘पेट्रियट’च्या मूळ पत्राची प्रत पहिल्या दिवसापासून टेबलावर ठेवावी, म्हणजे मराठीत येईपर्यंत त्या मजकुरातील कोणती वाक्ये टिकली आणि कोणती गळाली, हे ओळीशी ओळ लावून दाखवता येईल.